वाकलेली कडी



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. पुढे तिचे अनुकरण महाराष्ट्रात गावोगाव झाले, आणि त्याच परंपरेतले एक पुष्प आज आपण आपल्या बुलढाणा जिल्ह्यात गुंफीत आहोत. अशा व्यासपीठावर वेदान्तापासून विज्ञानापर्यंत मोठमोठे विषय येऊन जातात. मी आज ज्या विषयावर बोलणार आहे तो आपल्या सर्वांच्या डोक्यावर आहे. अगदी शब्दशः डोक्यावर आहे. माडीची किंवा धाब्याची कडी वाकली तर काय करावे, एवढाच माझा विषय.

हा विषय एखाद्या इंजिनिअराने मांडायला हवा होता, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. माझे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. त्यानंतरचे शिक्षण जिनिंगच्या फाटकावर, हमालांच्या आणि सुतारांच्या बैठकीत आणि रात्री वाचनालयाच्या दिव्याखाली झाले. पण तीस-पस्तीस वर्षे संघटनेचे काम करताना मी कामगारांच्या घरी जेवलो आणि निजलो आहे. आणि निजलेल्या माणसाला छताखेरीज दुसरे काय दिसणार? त्या छतांनी मला जे शिकविले ते आपल्यापुढे ठेवतो. आज वैशाखाचे ऊन तापते आहे आणि मृग लागायला जेमतेम महिना उरला आहे. जे काम करायचे ते याच महिन्यात करता येते, म्हणून हा विषय आजच मांडीत आहे.

प्रथम आपली जुनी घरे कशी बांधलेली आहेत ते पाहू. खांबावर किंवा भिंतीवर जाड तुळई असते. दोन तुळयांमधल्या जागेला आपण खण म्हणतो. तुळईवर हात-दीड हात अंतराने कड्या टाकलेल्या असतात. कड्यांवर फळ्या किंवा लाकडाच्या चिपा, त्यावर पऱ्हाटी, तुराटी किंवा कडुनिंबाचा पाला, आणि सर्वांवर मातीचा थर. हा थर वर उघडा असला तर ते धाबे झाले. मराठवाड्याकडे त्यालाच माळवद म्हणतात. त्याच्यावर आणखी एक मजला असला तर ती माडीची जमीन झाली. या मातीची निंदा मी करणार नाही. पारा पंचेचाळिसावर जातो तेव्हा धाब्याच्या घरात जो गारवा असतो तो पत्र्याच्या घरात विकत घेतला तरी मिळत नाही. आपल्या आज्यापणज्यांनी विचार करूनच ही रीत घातली होती.

पण त्या मातीचे वजन किती, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. दहा फूट रुंद आणि तेरा फूट लांब अशी एक खोली घ्या. तिच्यावर एक फूट जाडीचा थर असला तर ती माती सुमारे सहा टन भरते. टन म्हटले की आपल्याला काही समजत नाही, म्हणून कापसाच्या भाषेत सांगतो. रुईची एक गाठ १७० किलोची धरतात. म्हणजे त्या एका खोलीवर पस्तीस गाठी रचलेल्या आहेत, आणि त्यांच्याखाली पोरेबाळे निजलेली आहेत. पाऊस पडला की माती पाणी पिते आणि वजन आणखी वाढते. शिवाय धाबे गळू लागले की आपण काय करतो? पावसाळ्यापूर्वी वर नवी माती टाकतो. जुनी काढीत नाही. बापाने टाकलेल्या मातीवर मुलाने, मुलाच्या मातीवर नातवाने टाकायची, असे चालते. कडी मात्र पणजोबांच्या वेळचीच असते. तिच्या कामात दरवर्षी वाढ होते आणि तिला कोणी विचारीत नाही. हे गाऱ्हाणे मला ऐकल्यासारखे वाटते. जिनिंगच्या फाटकावर ते रोज ऐकू येते.

माडीवर तर आता वेगळेच चालले आहे. मातीच्या जमिनीचा कंटाळा आला म्हणून वरून मसाला टाकून शहाबादी फरशी बसवतात. एक इंच फरशी आणि दीड इंच मसाला धरला तर त्याच खोलीवर आणखी पावणेदोन टन, म्हणजे दहा गाठी चढल्या. कोपऱ्यात हजार लिटरची पाण्याची टाकी ठेवली की आणखी एक टन. घर सुंदर झाले म्हणून आपण पेढे वाटतो आणि खाली कडी मुकाट्याने वाकते.

आता कडी भार कसा पेलते ते थोडक्यात सांगतो. इटलीतील गॅलिलिओ या शास्त्रज्ञाला धर्मसत्तेने घरात स्थानबद्ध केले होते. त्या अवस्थेत लिहिलेला त्याचा शेवटचा मोठा ग्रंथ १६३८ साली हॉलंडमधील लायडन येथे छापला गेला. आपण त्याला आकाशातल्या ग्रहांमुळे ओळखतो. पण या ग्रंथात तो लाकडाची तुळई का मोडते याचा विचार करतो. आणि ग्रंथाची सुरुवात कोठे होते? व्हेनिसच्या गोदीत, तिथल्या कारागिरांच्या अनुभवाची थोरवी सांगून. मला हे वाचून फार आनंद झाला. त्याचे सगळे गणित पुढे टिकले नाही, पण एक गोष्ट त्याने अचूक सांगितली: तुळईचे बळ तिच्या रुंदीपेक्षा उंचीवर जास्त अवलंबून असते. उंची दुप्पट केली तर बळ चौपट होते.

कोणीही करून पाहावा असा प्रयोग आहे. चार इंच रुंद आणि दोन इंच जाड अशी कडी आडवी निजवून ठेवली आणि तीच कडी उभ्या अंगावर ठेवली, तर उभी कडी दुप्पट भार पेलते आणि तेवढ्याच भाराखाली चौथा हिस्साच वाकते. लाकूड तेच, पैसा तोच. फरक फक्त ठेवण्याचा. भार आला की कडीचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा भाग ताणला जातो. मधला भाग त्या मानाने आरामात असतो. म्हणून कडीच्या मध्यावर खालच्या अंगाला वायरीसाठी खाच मारणे हा मोठा अपराध समजावा. जिथे ताण सर्वांत जास्त, तिथेच आपण लाकूड कापतो.

कडी वाकण्याची कारणे मुख्यतः चार. पहिले कारण जादा भार. ते सांगून झाले. दुसरे कारण काळ. लाकूड वर्षानुवर्षे एकाच भाराखाली राहिले की हळूहळू सरावते. पहिल्या दिवशी जेवढे वाकले त्याच्या दुप्पटही कालांतराने वाकते, आणि ओल असेल तर त्याहून अधिक. तिसरे कारण ओल आणि वाळवी. कडीचे टोक भिंतीत गाडलेले असते. भिंत पाणी पिते, टोक कुजते, आणि आपल्याला दिसणारा मधला भाग मात्र ठणठणीत असतो. चौथे कारण आपल्या जिल्ह्याचे खास आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद या पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते. तिच्यावर उभा असलेला खांब थोडा खचला की वरची तुळई झुकते आणि कड्या त्याच्या मागे जातात. अशा ठिकाणी कडीचा काही दोष नसतो. दोष पायाचा असतो आणि आपण कडीला शिक्षा करतो.

म्हणून दुरुस्तीपूर्वी तपासणी. त्याला फार साधने लागत नाहीत. कडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खालून दोरी ताणून बांधा आणि मध्यावर दोरी व कडी यांतले अंतर मोजा. लाकडी बांधकामाचे जे भारतीय मानक आहे, क्रमांक ८८३, त्यात साध्या कडीची वाक लांबीच्या दोनशेचाळिसाव्या हिश्श्यापर्यंत चालते असे धरले आहे. दहा फुटांच्या कडीला हा अर्धा इंच झाला. हा हिशेब नव्या बांधकामाचा आहे. जुन्या घरात इंच-दीड इंच वाक असूनही कडी निरोगी असू शकते. खरा प्रश्न असा की वाक वाढते आहे काय? भिंतीवर पेन्सिलीने माप आणि तारीख लिहून ठेवा आणि पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पुन्हा मोजा. वाढत असेल तर थांबू नका.

मग अणकुचीदार सळईने कडीची टोके टोचून पाहा. सळई लोण्यासारखी आत गेली तर टोक गेले समजा. हातोडीने ठोकून आवाज ऐका. पोकळ लाकूड बद्द वाजते. वाळवीच्या मातीच्या रेघा शोधा. चिरा दिसल्या तर घाबरून जाऊ नका, त्यांची दिशा पाहा. लाकडाच्या रेषांबरोबर जाणारी चीर बहुधा वाळण्याची असते. पण मध्यावर खालच्या अंगाला रेषांना आडवी गेलेली चीर दिसली, तर त्या रात्री त्या खोलीत कोणी निजू नये.

आता प्रत्यक्ष काम. त्याचा क्रम मी आपल्या जुन्या सुतारांकडून शिकलो आणि पुस्तकांत ताडून पाहिला. दोन्हीकडे एकच उत्तर मिळाले.

सर्वांत आधी भार उतरवा. वरची जादा माती काढा. सर्व बाजूंनी सारखी काढा, आणि काढलेली माती खोलीच्या मधोमध ढिगाने रचू नका. सगळी काढली तर गारवा जाईल. पण फूटभर थराच्या जागी चार-पाच इंच ठेवून त्याखाली पाणी अडविणारा चांगला कागद घातला तर गारवाही बऱ्याच अंशी राहतो आणि निम्म्याहून जास्त ओझे उतरते. पुष्कळ घरांत एवढ्याने अर्धे काम होते, आणि त्याला लागते काय? घमेली, फावडी आणि शेजारी.

दुसरे काम टेकू देण्याचे. टेकू एका कडीला देऊ नये. खाली जमिनीवर जाड फळी, वर कड्यांना आडवी फळी आणि मध्ये ओळंब्यात उभे टेकू, असा सांगाडा हवा. मजला दुसरा असेल तर पहिल्या मजल्यावरही बरोबर त्याच रेषेत टेकू पाहिजेत. नाहीतर वरचे ओझे खालच्या बिचाऱ्या कड्यांवर जाते.

तिसरे, उचलण्याचे काम. येथे घाई माणसाचा जीव घेते. ट्रकखालचा जॅक लावला आणि एका दुपारी कडी सरळ केली, असे सांगणाऱ्या मिस्त्रीला चहा पाजून परत पाठवावे. जी कडी पन्नास वर्षे वाकत गेली ती एका दिवसात सरळ होत नाही. जबरदस्ती केली तर कुसू तुटतात, भिंतीला भेगा जातात आणि चौकटी अडकतात. एका वेळी एक-दोन सूत उचलायचे, एक-दोन दिवस थांबायचे, लाकूड कुरकुरू लागले की हात आवरायचा. ती पूर्ण सपाट झालीच पाहिजे हा हट्ट धरू नये. आपल्याला कडी सुरक्षित करायची आहे, तिची वरात काढायची नाही.

चौथे काम बळकटी देण्याचे. त्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. एक म्हणजे जोडकडी. जुन्या कडीच्या बगलेला तेवढ्याच उंचीची, चांगली वाळलेली नवी कडी लावायची आणि दोन्ही आरपार बोल्टांनी आवळायच्या. बोल्ट दीड-दोन फुटांवर, एक वर एक खाली, आणि दोन्हीकडे रुंद वायसर. जोडकडी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पूर्ण लांबीची हवी आणि तिची दोन्ही टोके निरोगी आधारावर टेकली पाहिजेत. मध्येच हात-दोन हात लांबीचा तुकडा खिळ्यांनी ठोकून देतात तो आधार नव्हे, ते ठिगळ. टोक कुजलेले असेल तर नवे लाकूड भिंतीच्या ओलीत पुन्हा गाडू नका. भिंतीला लागून खांब उभे करून त्यांवर आडवी तुळई द्या आणि कडी तिच्यावर टेकवा.

दुसरा मार्ग म्हणजे सर्व कड्यांच्या मध्याखालून एक आडवी तुळई किंवा लोखंडी गर्डर देणे. याचे फळ मोठे आहे. कडीची लांबी निम्मी झाली की तिची वाक निम्मी होत नाही, सोळाव्या हिश्श्यावर येते. पण येथेच पुष्कळ लोक फसतात. खोलीचा निम्म्याहून अधिक भार आता त्या नव्या तुळईवर आला. सहा टनांची खोली असेल तर तिच्या दोन खांबांवर प्रत्येकी जवळजवळ दोन टन आले. तो खांब नुसत्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर उभा केला तर पहिल्या पावसात काळी माती मऊ पडेल, खांब खचेल, आणि सारा खर्च मातीत जाईल. खांबाखाली खड्डा घेऊन मुरुमापर्यंत जा, तिथून पाया उचला, आणि मग वर दगड बसवून खांब उभा करा. गर्डर केवढा आणि पाया केवढा, हे ठरविण्यासाठी मात्र इंजिनिअराची फी द्यावी. ती वाया जात नाही. भार उचलणे सोपे आहे. तो जमिनीपर्यंत नेऊन पोचविणे, यातच सगळी विद्या आहे.

हे झाले लाकडाचे. आता माणसांचे बोलतो, कारण कडी वाकते तेव्हा खर्च कोणी करायचा हा प्रश्न लगेच उभा राहतो.

कापसाच्या बाजारपेठेच्या एका गावी एका जुन्या वाड्यात चार कामगार कुटुंबे भाड्याने राहत. गावाचे व मालकाचे नाव सांगण्याची गरज नाही. माडीच्या कड्या वाकल्या. भाडेकरूंनी तक्रार केली तेव्हा मालकाने खालून प्लायवूडचे छत मारून दिले, त्याला पांढरा रंग दिला आणि भाडे वाढविले. छत इतके सुंदर होते की बायकांनी त्याला खाली झुंबर लावावे की काय असा विचार केला. संघटनेतल्या एका वृद्ध सुताराने एक फळी काढून आत हात घातला. तीन कड्यांची टोके त्याच्या बोटांत भुग्यासारखी आली. तो खाली उतरला आणि एवढेच म्हणाला, "भाऊ, आज लेकरं ओसरीवर निजवा."

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ साली झाला. त्याचे चौदावे कलम मी सर्व भाडेकरूंना पाठ करायला सांगतो. घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे हे मालकावर बंधनकारक आहे. त्याने टाळाटाळ केली तर भाडेकरूंनी, एकेकट्याने किंवा मिळून, किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी. तरीही काम झाले नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतात. मात्र एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापता येत नाही. ज्या शहरांना हा कायदा लागू आहे तिथे हा हक्क आहे. त्या चार कुटुंबांनी मिळून रजिस्टर पोस्टाने नोटीस दिली. सोळाव्या दिवशी, रविवारी, आम्ही माती उतरविली. खर्च चौघांनी वाटून घेतला आणि तीन वर्षांत भाड्यातून फिटला. एकट्या कुटुंबाने हे केले असते तर त्याचे सामान रस्त्यावर आले असते. चौघे होते म्हणून निभावले.

मालकांच्या बाजूचीही एक गोष्ट सांगणे न्यायाचे आहे. काही वाड्यांची भाडी इतकी जुनी आहेत की वर्षाच्या भाड्यात एक सागवानी कडी येत नाही. मुंबईत अशा जुन्या इमारतींसाठी १९६९ साली कायदा झाला, उपकर बसला, आणि दुरुस्ती मंडळ उभे राहिले. त्या मंडळाच्या कारभाराबद्दल मुंबईच्या चाळकऱ्यांना विचारा. टेकूच्या जंगलात वर्षानुवर्षे संसार केलेली माणसे भेटतील. तरी काही व्यवस्था तरी आहे. आपल्या जिल्ह्यातल्या वाड्यांसाठी तेवढीही नाही. नगरपरिषदेला धोकादायक घराची नोटीस देण्याचा अधिकार आहे. पण नोटीस येते तेव्हा बहुधा घर रिकामे करण्याची वेळ आलेली असते, आणि गरीब भाडेकरू एकदा बाहेर पडला की परत आत येत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की नगरपरिषदेने दरवर्षी वैशाखात जुन्या घरांची तपासणी करावी, दुरुस्तीला स्वस्त व्याजाने कर्ज मिळावे, आणि मालक व भाडेकरू यांनी खर्चाचा वाटा आधी ठरवावा.

हा केवळ पैशाचा प्रश्न नाही हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीने आपल्याला दाखविले. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत त्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. जाड दगडांच्या कच्च्या भिंती आणि वर माळवदाची जड माती, यांच्याखाली ती निजलेली होती. नंतर जाणकारांनी जे उपाय सांगितले त्यांत माळवदावरची माती कमी करा हा एक होता. तो उपाय एखाद्या सुताराने आधीच सांगितला असता. पण त्याला विचारतो कोण?

आणि तो सुतारही आता दुर्मीळ होत चालला आहे. कुसू घालणारे, जोडकडी बसविणारे हात म्हातारे झाले. त्यांची मुले स्लॅबच्या सेंट्रिंगवर गेली, कारण तिथे रोज काम मिळते. १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी केंद्राने कायदा केला. पण जुन्या घराची दुरुस्ती करणारा एकटा सुतार कोणाच्या हजेरीपटावर नसतो. टेकू घसरून त्याचा हात मोडला तर त्याला कोणी धनी नसतो. आपल्या घराचे काम काढाल तेव्हा त्याला योग्य मजुरी द्या, डोक्यावर टोप द्या, आणि त्याच्याबरोबर एखादा पोरगा शिकायला ठेवा. ही विद्या गेली तर आपल्याला घर पाडणे तेवढे येईल.

शेवटी एकच विनंती. येत्या रविवारी घरातली एक दोरी आणि एक सळई घ्या. आपले छत तपासा, आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसाचेही तपासा, कारण त्याला वर चढता येत नाही. मृगाच्या आधी काही माती उतरवावी लागली तर संघटनेच्या कचेरीत निरोप द्या. घमेली आमच्याकडे आहेत.